दोहातला तो गोल आणि व्हीएआर : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘व्हीएआर आता पुरे’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिथल्या तिथे दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मैदानाबाहेर खोलीत बसून, व्हिडिओ बघून पंचांना सूचना देणारी वेगळी पंचांची टीम, म्हणजे सध्याच्या रूपातला व्हीएआर, फुटबॉलमधून काढून टाकावा असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही कोल्हापूरहून लिहिता, “युरोपातल्या प्रेक्षकांचं पोट भरलंय म्हणून त्यांना व्हीएआर नको झालाय. दोहाला आपल्यावर जो अन्याय झाला, तो व्हीएआर असता तर झाला असता का? एवढं एकच सांगा.” पुढे तुमचे आणखी तीन मुद्दे आहेत. आकडे व्हीएआरच्या बाजूने आहेत. क्रिकेटमधला डीआरएस आपण स्वीकारला मग इथेच का नाक मुरडायचं. आणि तुमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पंचांना जे काही ऐकून घ्यावं लागतं, ते समोर पुरावा असला तर लागणार नाही.

एवढं एकच सांगा म्हणालात, तर तेच आधी सांगतो. नाही. व्हीएआर असता तर तो गोल टिकला नसता.

११ जून २०२४ चा तो सामना मी विसरलेलो नाही. विश्वचषक पात्रतेची दुसरी फेरी, समोर कतार. सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात निवृत्त झालेला, गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूकडे कर्णधारपद. ३७ व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेने गोल केला. आपल्या मुंबई सिटीचा छांगते! जिंकलो असतो तर भारत पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत गेला असता. आणि आपण जिंकतच होतो. ७३ व्या मिनिटाला कतारला फ्रीकिक मिळाली, हेडर गुरप्रीतने अडवला, चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलपोस्टच्या बाजूने गोलरेषेच्या बाहेर गेला. पूर्ण बाहेर. आपले बचावपटू थांबले, कारण आता कॉर्नर मिळणार हे उघड होतं. तेवढ्यात हाश्मी अल हुसेनने बाहेर गेलेला चेंडू पायाने आत ओढला आणि युसूफ आयमनने तो जाळ्यात मारला. कोरियन पंचांनी गोल दिला. आपल्या पोरांनी पंचांना घेराव घातला, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले, पण निर्णय बदलला नाही. ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि आपण १-२ ने हरून बाहेर पडलो. तिकडे कुवेतने अफगाणिस्तानला हरवून आपली जागा घेतली.

पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर ठेवलेलाच नव्हता. चारच महिन्यांपूर्वी आशियाई चषकाचे सामने दोहाच्या याच जासिम बिन हमद मैदानावर व्हीएआरसकट खेळले गेले होते, तरीही. तुमचा संताप रास्त आहे आणि तो माझाही आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने चौकशीची मागणी केली, पण निकाल जिथल्या तिथे राहिला. एका खेळाडूला अशी संधी आयुष्यात एकदाच मिळते. गुरप्रीतच्या पिढीची ती तिथे गेली.

काहींनी तेव्हा लिहिलं होतं की निदान गोललाइन तंत्रज्ञान तरी हवं होतं. त्याचा इथे उपयोग झाला नसता. ती यंत्रणा दोन खांबांच्या मध्ये चेंडूने रेषा ओलांडली का एवढंच पंचांच्या घड्याळात सांगते. खांबाबाहेर चेंडू कुठून गेला याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता माझं म्हणणं ऐका. तो चेंडू बाहेर गेला हे सर्वांत आधी कुणाला कळलं? समालोचकाला नाही, टीव्हीसमोरच्या आपल्याला नाही. गुरप्रीतला कळलं. त्याच्या आजूबाजूच्या दोघातिघांना कळलं. म्हणून तर ते थांबले. कॅमेऱ्याने दाखवायच्या आधी, त्या एका सेकंदात, मैदानावरच्या माणसांना खरं काय ते ठाऊक होतं. त्यांच्याकडे एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे “हे बघा” असं म्हणायचा हक्क.

फुटबॉलमधले मोठमोठे अन्याय आठवून बघा, बहुतेक सगळे याच जातीचे निघतात. १९८६ च्या विश्वचषकात मेक्सिकोतल्या आझ्टेका मैदानावर मॅराडोनाने हाताने गोल केला तेव्हा इंग्लंडचा गोलकीपर शिल्टन तत्क्षणी हाताकडे खूण करत पंचांकडे धावला होता. १८ नोव्हेंबर २००९ ला पॅरिसमध्ये फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने चेंडू हाताने थोपवून गॅलासकडे दिला आणि आयर्लंडचा विश्वचषक गेला. तेव्हा आयर्लंडचा गोलकीपर शे गिव्हन दंडावर हात आपटत पंचांच्या दिशेने पळत सुटला होता. २०१० च्या विश्वचषकात ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू आडव्या खांबाला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला, तेव्हा इंग्लंडचे प्रशिक्षक कापेलो गोल झाला म्हणून हात उंचावून मोकळे झाले होते. या साऱ्या प्रसंगांत चूक शोधून काढायला कुणा तिसऱ्याची गरज नव्हती. चूक ओरडून सांगितली जात होती आणि ती ऐकण्याची सोय नव्हती.

व्हीएआर आणला तो या ओरडणाऱ्या माणसांसाठी. मार्च २०१८ मध्ये आयएफएबीने, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने, तो नियमांत घेतला तेव्हा शब्द होते कमीत कमी हस्तक्षेप, जास्तीत जास्त फायदा. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड, या चारच गोष्टी. त्यातही चूक स्पष्ट आणि ढळढळीत असेल तरच. माझं भांडण या कल्पनेशी नाही. कल्पना राबवताना खोलीतले पंच प्रत्येक गोल, प्रत्येक पेनल्टी, प्रत्येक झटापट आपणहून तपासू लागले. कुणी मागितलं म्हणून नाही, यंत्रणा आहे म्हणून. माझं भांडण आहे ते इथे.

२१ एप्रिल २०२४ चा वेम्बलीवरचा सामना घ्या. इंग्लंडमधल्या एफए कपची उपांत्य फेरी, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध दुसऱ्या श्रेणीतलं कव्हेंट्री सिटी. ७० मिनिटांपर्यंत ०-३. तिथून कव्हेंट्रीने ३-३ केलं आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी व्हिक्टर टोर्पने चौथा गोल मारला. लाइन्समनचं निशाण खाली होतं. निळे कपडे घातलेली ती सगळी बाजू वेडी झाली. मग खोलीत रेषा आखल्या गेल्या, त्यांच्याच हाजी राइटच्या बुटाचं टोक शेवटच्या बचावपटूच्या पुढे दिसलं आणि गोल रद्द झाला. पुढे पेनल्टीवर कव्हेंट्री हरले. नियमाने तो ऑफसाइड होता, मान्य. पण ऑफसाइडचा नियम फुकटचा फायदा घेऊन गोलसमोर ताटकळत उभं राहणाऱ्याला रोखायला आहे. बुटाच्या टोकाने राइटला कोणता फायदा झाला? शिवाय त्या वेळच्या रेषा किती पक्क्या, तेही बघा. प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण ५० चित्रं येतात. सेकंदाला ७ मीटर वेगाने पळणारा खेळाडू दोन चित्रांच्या मध्ये १४ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पास नेमका कोणत्या चित्रात सुटला हे ठरवणाराही माणूसच. कतारच्या विश्वचषकात १२ कॅमेरे, खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू आणि चेंडूतला सेकंदाला ५०० वेळा नोंद देणारा सेन्सर अशी यंत्रणा आली, ती याहून खूपच बरी आहे. ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर वापरावी. तरी मूळ प्रश्न उरतोच, की कुणी न मागितलेलं हे मोजमाप कुणासाठी चाललंय?

आता आकडे. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगचं म्हणणं आहे की व्हीएआर आल्यावर महत्त्वाचे निर्णय बरोबर येण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेलं. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण यातले कित्येक निर्णय बघणाऱ्याच्या मतावर ठरतात, बरोबर की चूक हेही पुन्हा एक मंडळ बसून ठरवतं, आणि बुटाच्या टोकाचा ऑफसाइड व दोहाचा गोल या हिशेबात सारख्याच वजनाचे धरले जातात. मला ते पटत नाही, एवढंच.

त्यापेक्षा ३० सप्टेंबर २०२३ चा टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना पाहिला तर या पद्धतीचं दुखणं कुठे आहे ते नीट दिसतं. ३४ वं मिनिट, ०-०. लिव्हरपूलच्या लुइस दियासने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइडचं निशाण वर केलं. खोलीत रेषा आखल्या, दियास स्पष्टपणे ऑनसाइड. इथपर्यंत यंत्राने काम चोख केलं. पण खोलीतल्या पंचांचा समज असा, की मैदानावर गोल दिलेला आहे. म्हणून त्यांनी कळवलं, तपासणी पूर्ण. म्हणजे मैदानावरचा निर्णय कायम. मैदानावरचा निर्णय होता ऑफसाइड! फ्रीकिक घेतली गेली, खेळ सुरू झाला. पंच-संघटनेने नंतर त्या संभाषणाची ध्वनिफीत जाहीर केली, ती मिळाली तर नक्की ऐका. रिप्ले दाखवणारा तंत्रज्ञ काही सेकंदांतच विचारतो, की मैदानावरचा निर्णय ऑफसाइड होता, तुम्हाला हे मान्य आहे ना? मग एकदम खळबळ. कुणीतरी खेळ थांबवा म्हणून सांगतंय, आणि खोलीतला प्रमुख पंच पुन्हा पुन्हा म्हणतोय की आता काही करता येणार नाही. एकदा खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही, हा नियम. लिव्हरपूल तो सामना ९६ व्या मिनिटाच्या स्वयंगोलावर १-२ ने हरलं.

त्या पंचांना झोडपण्यात मला रस नाही, तेव्हा भरपूर झोडपलं गेलं आहे. चूक झाली ती जोडणीत. ज्याने निर्णय दिला त्याने चित्र पाहिलं नाही, आणि ज्याने चित्र पाहिलं त्याला निर्णय माहीत नव्हता. खेळाडूंच्या अपिलावर मैदानावरच्याच पंचाने पडद्यासमोर जाऊन स्वतः पाहिलं असतं, तर आपण काय निर्णय दिला होता हे तो कसं विसरला असता?

याच सामन्यात आठ मिनिटं आधी लिव्हरपूलच्याच कर्टिस जोन्सला लाल कार्ड मिळालं, आणि त्याची चर्चा दियासच्या गोलमुळे मागे पडली. चेंडूवर पाय ठेवताना त्याचा पाय घसरून प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर गेला. पंचांनी पिवळं कार्ड दिलं. खोलीतून बोलावणं आलं, ते पडद्यापाशी गेले तर समोर पहिलं काय दिसावं? पाय नडगीवर असतानाचं थांबवलेलं चित्र. त्या एका चित्रात कुठलाही टॅकल भयंकरच दिसतो. वेग नाही, घसरणं नाही, हेतू नाही. व्हीएआरच्या स्वतःच्या नियमावलीत लिहिलंय की संथ चित्रण फक्त स्पर्श कुठे झाला, चेंडू बाहेर गेला का अशा गोष्टींसाठी वापरावं, आणि फाउल किती जोराचा होता हे नेहमीच्या वेगातच बघावं. नियम शहाणपणाचा आहे. तो पाळला गेला तर निम्मी कटकट मिटेल.

डीआरएसबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला फार आवडलं, कारण माझ्या मनातला उपाय तिथूनच येतो. डीआरएस आपल्याकडेही सहजी आला नाही. २००८ मध्ये श्रीलंकेत तो पहिल्यांदा भारताच्याच कसोटी मालिकेत वापरला, आणि मग आपल्या मंडळाने त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. थेट २०१६ च्या इंग्लंड मालिकेत, राजकोटला, आपण तो मान्य केला. पण बघा, डीआरएसमध्ये काय काय आहे. मागणी खेळाडू करतो. मागण्या मोजक्या असतात, वाया गेली की गेली. तिसरा पंच काय बोलतोय ते घरात बसलेल्या आजीलाही ऐकू येतं. आणि यंत्राला जिथे खात्री देता येत नाही तिथे ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मैदानावरच्या पंचाचा मान राखला जातो. फुटबॉलच्या व्हीएआरमध्ये यातली एक तरी गोष्ट होती का? पंचाने निर्णय मैदानात सगळ्यांना बोलून सांगायची पद्धत मोठ्या स्पर्धेत २०२३ च्या महिला विश्वचषकात सुरू झाली, आणि प्रीमियर लीगने जाड रेषा वापरून आघाडीपटूला थोडी सूट दिली ती २०२१ पासून. ही सगळी मागाहून लावलेली ठिगळं आहेत.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक संघाला सामन्यात दोन अपिलं. अपील झालं तरच तपासणी. पंचाने स्वतः पडद्यासमोर जाऊन बघायचं, काय बघितलं ते माइकवर सांगायचं. अपील बरोबर निघालं तर ते शिल्लक राहील. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात जवळपास हेच करून पाहिलं. प्रशिक्षक बोट फिरवून खूण करतो, चौथ्या पंचाकडे कार्ड देतो, आणि मैदानावरचा पंच स्वतः रिप्ले बघतो. खोलीत बसलेले वेगळे पंच लागत नाहीत, कॅमेरेही थोडे पुरतात. इटलीच्या तिसऱ्या श्रेणीतल्या सेरी सी स्पर्धेत २०२५-२६ च्या मोसमापासून ही पद्धत आहे.

तुम्ही म्हणाल, दोन अपिलं संपल्यावर ९० व्या मिनिटाला ऑफसाइड गोल झाला तर? तर तो राहील. हे मी डोळे उघडे ठेवून मान्य करतो. चुका शून्यावर आणायच्या हट्टापायी आज गोल झाल्यावर खेळाडू आधी पंचांच्या कानाकडे बघतो, प्रेक्षक पडद्याकडे बघतात, आणि आनंद दोन मिनिटांनी परवानगी घेऊन येतो. याची किंमत त्या एखाद्या चुकीपेक्षा मोठी आहे. ही भावना फक्त पोट भरलेल्यांची नाही. स्वीडनमध्ये क्लब सभासदांच्या मालकीचे आहेत आणि तिथे सभासदांनीच व्हीएआर येऊ दिला नाही. नॉर्वेत जुलै २०२४ मध्ये रोसेनबोर्ग आणि लिलेस्ट्रॉमच्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात माशाच्या वड्या फेकून खेळ बंद पाडला. पुढे तिथल्या महासंघाच्या सभेत व्हीएआर ठेवायचंच ठरलं, तेही सांगायला हवं. इंग्लंडमध्येही प्रीमियर लीगमधल्या वुल्व्ह्ज क्लबचा व्हीएआर बंद करण्याचा ठराव १९-१ ने पडला. माझी बाजू मतदानात हरते आहे, म्हणून ती चूक ठरत नाही.

राहिला पंचांच्या सुरक्षिततेचा मुद्दा. तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो आणि इथेच मी तुमच्याशी सर्वांत कमी सहमत आहे. ११ डिसेंबर २०२३ ला अंकारात सामना संपल्यावर अंकारागुजू क्लबचे अध्यक्ष फारूक कोजा मैदानात आले आणि त्यांनी पंच हलिल उमुत मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला. खाली पडलेल्या मेलेर यांना इतरांनी लाथा घातल्या. तुर्कीच्या त्या लीगमध्ये २०१८ पासून व्हीएआर आहे. सगळे पुरावे, सगळे कॅमेरे असताना हे झालं. ज्याला पंचाला मारायचंय तो रिप्ले बघून थांबत नाही. पंचाला वाचवते ती शिक्षा. कोजांवर कायमची बंदी आली, लीग थांबवली गेली, त्याचा धाक बसतो.

आपल्याकडचं उदाहरणही घ्या. ३ मार्च २०२३, बंगळुरू, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची बाद फेरी. जादा वेळेत केरळ ब्लास्टर्सची भिंत लागत असतानाच छेत्रीने फ्रीकिक मारून गोल केला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. नंतर क्लबला ४ कोटींचा दंड झाला. तेव्हा सगळीकडे एकच ओरड होती, व्हीएआर आणा. पण वाद काय होता? शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं होतं की नव्हतं हा. खेळ कसा सुरू केला ही बाब व्हीएआरच्या चार गोष्टींत येतच नाही. तिथे हवं होतं पंचाने दोन्ही संघांना ऐकू जाईल असं स्पष्ट बोलणं.

शाहू स्टेडियमबद्दल शेवटी. पेठापेठांतून लोक लोटतात, तालमींच्या फुटबॉल संघांची इज्जत पणाला लागलेली असते, एका ऑफसाइडवरून वातावरण कसं तापतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. युरोपातला व्हीएआर तिथे कधीच परवडणार नाही. अपिलाची पद्धत परवडेल. दोन्ही गोलरेषांच्या सरळ एकेक कॅमेरा, अठरा यार्डांच्या सरळ एकेक, मध्यभागी एक उंचावर, आणि मैदानाच्या कडेला एक पडदा. असा प्रयोग करायला वरची परवानगी लागते, त्यामुळे अर्ज संघटनेकडून महासंघाकडे जायला हवा. तुम्ही लिहिलंय की तुमची तिथल्या जुन्या पंचांशी ओळख आहे. त्यांना एक विचारून मला कळवाल का? कोल्हापूरच्या सामन्यांत सर्वाधिक भांडणं गोलरेषेवर होतात, ऑफसाइडवर, की पेनल्टीवर? कॅमेरे कुठे लावायचे ते त्यावरच ठरेल.